दीपाली पाटीलचं फ्रेंच आडनाव

माझ्या दुकानाच्या पाटीवर नावापुढे 'बी.ए., इंग्रजी' असं लिहिलेलं आहे. लोक हसतात. हसू द्यात. माझे वडील इतवारा मोहल्ल्यात कापडाच्या लूमवर पाळी करायचे, आई घरी बॉबिन भरायची, आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात कॉलेजात पाऊल टाकलेला मी पहिला. ती दोन अक्षरं मिळवायला मला पाच वर्षं लागली. ती पाटीवरून उतरणार नाहीत.

आधी धंदा सांगतो. शपथपत्रं टाइप करायची, अर्ज भरायचे, हिंदी-मराठी कागदांचं इंग्रजी करायचं आणि खाली 'भाषांतर खरे आहे' म्हणून सही-शिक्का ठोकायचा. लोकांना वाटतं हे टायपिंगचं काम आहे. तसं नाही, हे नावांचं काम आहे. माणूस एकच असतो, पण शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरा, आधारवर तिसरा. हे तिघं एकाच अंगात राहतात असं सरकारला पटवून द्यायचं, त्याचे लोक मला पैसे देतात.

बायकांचं तर आणखी अवघड. बऱ्याच वर्षांपूर्वी एक म्हातारी पेन्शनच्या अर्जासाठी आली. माहेरचं नाव यमुना, सासरी सुशीला केलेलं, आणि रेशनकार्डावर नुसतं 'बबनची आई'. बँकेत खातं सुशीलाचं, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर पत्नी यमुना. आमच्याकडे सरकारी काम हिंदीत चालतं. पेन्शन कचेरीतला बाबू म्हणाला, "तीन औरतें हैं, किसको दूँ?" त्या एका बाईला तीन बायकांतून सोडवायला मला पावणेदोन वर्षं लागली. हुकूम निघाला आणि त्याच आठवड्यात बाई गेली.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. लग्न झालेली कुठलीही पोर दुकानात आली की तिचं नाव एका झटक्यात बदलून टाकायचं. नवं नाव, मध्ये नवऱ्याचं नाव, शेवटी सासरचं आडनाव. शपथपत्र, पेपरात जाहिरात, आधार, बँक, पॅन, पासपोर्ट, सगळं एका ओळीत. अर्धवट ठेवायचं नाही. आजूबाजूच्या गावांत माझं नाव त्यावरच झालं. "मास्तरकडे जा, पुन्हा फेरी पडत नाही," असं लोक सांगतात. मी मास्तर कधीच नव्हतो, पण इंग्रजी येतं म्हटल्यावर इकडे मास्तरच म्हणतात.

तर त्याच नियमानं मी एका पोरीला संकटात घातलं. त्याची ही हकीगत.

प्रभाकरभाऊ पाटील हे तापीकाठचे केळीवाले. बरं घर, शब्दाला किंमत असलेला माणूस. त्यांची धाकटी दीपाली इंदूरला पाण्याचं इंजिनियरिंग शिकली. आपल्या गावाबाहेर जुन्या काळातल्या जमिनीखालच्या पाण्याच्या कुंड्या आहेत ना, त्यांची मोजणी करायला एक परदेशी तुकडी आली होती. दीपालीला त्यात काम मिळालं. तुकडीत लुक नावाचा एक फ्रेंच इंजिनियर होता. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. प्रभाकरभाऊंनी सहा महिने पोरीशी अबोला धरला, आणि सातव्या महिन्यात माझ्या दुकानात आले.

"मास्तर, त्या पोराचं आडनाव काय म्हने तेसिए हाय. ह्याचा अर्थ काय व्हतो, ते बघून सांगा."

"अर्थ कशाला, भाऊ?"

"अहो, अर्थावरून माणूस कळतो. आमच्यात आडनावावरून गाव कळते, कूळ कळते. ह्याचं काय कळते ते बघा."

माझ्याकडे आडनावांचा एक जाडजूड इंग्रजी कोश आहे, इंदूरच्या रद्दीवाल्याकडून घेतलेला. काढला. तेसिए, मूळ फ्रेंच. ही मंडळी इंग्रजी बोलणाऱ्या मुलखात गेली तेव्हा तिथले लोक त्यांना 'टेसियर' म्हणू लागले. काहींनी तर फ्रेंच नाव टाकून त्याच अर्थाचं इंग्रजी आडनाव लावलं. आणि अर्थ? मी ती ओळ दोनदा वाचली. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलोच.

"विणकर, भाऊ! तेसिए म्हणजे विणकर!"

प्रभाकरभाऊ माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघू लागले. मग म्हणाले, "म्हंजे... तुमच्यासारखे?"

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण ते वाक्य मला लागलं. मी म्हटलं, "हो. आमच्यासारखे."

"आता तर इंजिनियर हाय ना पण?"

"इंजिनियर आहे."

"बरं," असं म्हणून ते उठले. लग्न ठरलं.

कचेरीत नोंदणी झाली. तिथे दोघांची नावं जन्माची होती तीच राहिली, कायद्यानं तशीच लिहावी लागतात. मग पाटलांच्या हट्टाखातर घरगुती विधी झाला. नवरदेवाला इथे घर नाही, दार नाही. म्हणून माझंच घर नवरदेवाचं घर ठरलं, आणि माझी बायको तासाभरासाठी सासू झाली. तिचं माहेर चांदनी गावचं, बोलायला फटकळ. तिनं ताटात तांदूळ पसरले, लुकच्या हातात अंगठी दिली आणि मला म्हणाली, "सांगा नवरदेवाला, नवरीचं नवं नाव लिहा म्हणावं." नाव आधीच ठरलेलं होतं. गुरुजींनी 'ज' अक्षर दिलं होतं, प्रभाकरभाऊंनी 'जान्हवी' काढलं होतं.

मी इंग्रजीत सांगितलं. लुकनं मान डोलावली आणि तांदळात लिहिलं, 'दीपाली'.

बायका हसल्या. "अहो, हे तर आधीचंच झालं!"

लुकनं मला विचारलं, "हिच्या नावात काही खोट आहे का?" मी ते मराठीत सांगितलं तसा आणखी हशा झाला. माझ्या बायकोनं हातानं तांदूळ सपाट केले, त्याचं बोट धरलं आणि 'जान्हवी' उमटवून घेतलं. दीपालीही हसत होती. निदान मला तरी तसं वाटलं. मी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं, कारण मी दुभाषा होतो आणि माझं लक्ष माझ्या इंग्रजीवर होतं.

महिन्याभरानं लुक कामावर परत गेला. दीपालीनं कागद झाले की मागाहून जायचं, असं ठरलं. लग्नाची त्यांच्या देशात नोंद झाली आणि तिकडून एक छोटी पुस्तिका आली. नवरा, बायको, पुढे होणाऱ्या लेकरांची पानं. ती पुस्तिका घेऊन प्रभाकरभाऊ आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. दीपाली सोबत होती.

"मास्तर, हे बघा. नवऱ्यापुढं तेसिए लिवलं हाय. आन् हिच्यापुढं पाटीलच. आडनाव लावलंच नाही पोरीला. गावात लोक विचारू राह्यले. नाकारली काय हो तिला त्याहीनं?"

पुस्तिकेसोबत लुकचं इंग्रजी पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की आमच्याकडे माणसाचं आडनाव जन्मापासून मरेपर्यंत एकच राहतं, बाईचंही. लग्नानंतर तिला हवं तर ती नवऱ्याचं आडनाव वापरू शकते, पण ते फक्त वापरायचं नाव असतं, तिचं स्वतःचं नाव त्यानं पुसलं जात नाही. त्याच्याच आईला शेजारी-पाजारी त्याच्या वडलांच्या आडनावानं हाक मारतात, पण सरकारच्या वहीत ती आजही तिच्या बापाच्या आडनावानं आहे. दीपालीनं काय वापरायचं ते दीपालीनं ठरवावं, असं शेवटी होतं.

हे मी नीट वाचलं. मला ते समजलंही. पण समोर एक बाप बसला होता, आणि मला त्याला बरं वाटेल असं काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, "भाऊ, नाकारलेलं नाही. आडनाव वापरता येतं असं स्पष्ट लिहिलंय."

"मंग वापरू ना. करून टाका की तुमच्या पद्धतीनं."

दीपाली म्हणाली, "काका, एकदा लुकला विचारू का?"

"त्यात काय विचारायचं?" प्रभाकरभाऊ म्हणाले.

आणि मी म्हणालो, "पोरी, मी आहे ना. चौतीस वर्षं हेच करतोय."

झालं. जुनं नाव दीपाली प्रभाकर पाटील, नवं नाव जान्हवी लुक तेसिए. शपथपत्र, पेपरात जाहिरात, आधार, पासपोर्ट. सहीसाठी कागद पुढे केले, तिनं सह्या केल्या. आणखी एक गोष्ट कबूल करतो, कारण ती कबूल केल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. पाटलाच्या पोरीला विणकराचं आडनाव टाइप करताना मला आतून बरं वाटत होतं. वडलांची आठवण येत होती. कोशातली ती ओळ डोळ्यांसमोर होती. माझा हात नेहमीपेक्षा जोरात चालला.

नवा पासपोर्ट आला. प्रभाकरभाऊंनी केळीचा एक लोंगर दुकानात आणून टाकला. मग व्हिसाचा अर्ज मुंबईला गेला, आणि त्याच दिवसांत कळलं की दीपालीला दिवस गेलेत. चौथा महिना लागला होता.

तीन आठवड्यांनी मुंबईच्या फ्रेंच वकिलातीचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. आमच्या नोंदीतल्या पत्नीचं नाव दीपाली पाटील आहे. आपल्या पासपोर्टावरच्या व्यक्तीचं पहिलं नाव वेगळं, आडनाव वेगळं, आणि मध्ये एका पुरुषाचं नाव आहे, जे तिच्या पतीचंच दिसतं. कृपया खुलासा करावा.

मी ते पत्र पुन्हा वाचलं. 'मध्ये एका पुरुषाचं नाव'. आपल्याकडे बाईच्या नावात नवरा मध्ये असतो हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की ते तिकडे कसं दिसेल हा विचार मला चौतीस वर्षांत शिवला नव्हता. त्यांच्या हिशोबानं मी एका बाईला नाहीसं केलं होतं आणि तिच्या जागी दुसरीच उभी केली होती.

मला वाटलं, हे तर रोजचंच आहे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं शपथपत्र करून पाठवलं. आणखी तीन आठवडे गेले. उत्तर आलं की शपथपत्र मिळालं, पण नोंद जन्माच्या नावानंच राहणार, तेव्हा पासपोर्टही त्याच नावाचा असेल तर काम सरळ होईल. पतीचं आडनाव वापरायचं असेल तर त्याची वेगळी नोंद करता येते.

म्हणजे जे मी एका झटक्यात केलं होतं ते सगळं उलटं करायचं. दीपालीला सहावा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "बत्तीस आठवडे झाल्यावर मी विमानाचं पत्र देणार नाही. मग बाळंतपण इथेच." लुकचं काम अर्ध्यावर, त्याला तेव्हा सुट्टी नाही. पहिलं लेकरू, बाप तिकडे आणि आई इकडे, आणि मधली भिंत मी टाइप केलेली.

त्या दिवसांत माझी झोप उडाली. दुकानात दुसरं काम सुचेना. एका माणसाच्या वारसाच्या अर्जात मी बापाच्या जागी मुलाचं नाव टाकलं, तोच परत आला म्हणून बरं. बायको म्हणाली, "ताट मी धरलं होतं, हे खरं. पण तांदूळ धुवून त्याच दिवशी भात केला आपण. तुम्ही मात्र ते नाव पक्कं करून ठेवलं." लुकचा फोन आला तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, "मी तुम्हाला पत्रात लिहिलं होतं, सर."

जुन्या नावाचा पासपोर्ट मागायचा म्हणजे कार्यालय विचारणार, तीनच महिन्यांपूर्वी बदललं, आता परत का? त्याचं कारण अर्जदारानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, आणि तेच कारण इंग्रजीत वकिलातीलाही पाठवायचं. भाषांतर अर्थात माझंच.

दीपाली दुकानात आली. बाकड्यावर बसली, पाठीला हात लावून. मी तिच्यापुढे कागद ठेवला आणि सवयीनं सांगू लागलो, "लिही, कौटुंबिक परंपरेनुसार विवाहानंतर नाव बदलण्यात आले होते, परंतु..."

"काका," ती म्हणाली, "मी लिहू, की तुम्ही सांगताय तेच लिहू?"

मी पेन तिच्या हातात दिलं. तिनं मराठीत चार ओळी लिहिल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

'हे नाव मी घेतलेलं नाही. ते मला देण्यात आलं. अर्ज भरताना मला कोणी विचारलं नाही. मी तिथेच बसले होते.'

ती पाणी प्यायला बाहेर गेली. शेजारच्या नोटरीबाबूंनी कागद वाचला. आम्ही दोघं वीस वर्षं एकाच ओसरीवर बसतो. ते हळूच म्हणाले, "मास्टरजी, आख़री दो लाइन निकाल दो. अर्जी आपके हाथ की है. कल को पूछेंगे, किसने भरी, किसने नहीं पूछा. शिक्का भी आपका है. फँसोगे आप."

त्यांचं खोटं नव्हतं. मी कॉम्प्युटरवर भाषांतर सुरू केलं. पहिल्यांदा लिहिलं, 'कुटुंबातील वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने'. इंग्रजीत फार छान वाक्य झालं होतं. कोणाला काही लागणार नाही असं. मग तिच्या कागदाकडे पाहिलं. 'मी तिथेच बसले होते.' खरंच बसली होती. आत्ता जिथे तिची पिशवी ठेवली आहे तिथेच, त्याच बाकड्यावर. मला तिचं 'लुकला विचारू का' आठवलं.

ते छान वाक्य मी पुसलं. चारही ओळी जशाच्या तशा इंग्रजीत उतरवल्या. खाली सही केली, शिक्का मारला, 'भाषांतर खरे आहे'. नोटरीबाबूंनी मान हलवली आणि स्वतःचा शिक्का मारायला अर्धं मिनिट घेतलं, पण मारला.

भोपाळच्या पासपोर्ट कार्यालयात बोलावणं आलं. मी फाइल घेऊन पुढे, दीपाली मागे, प्रभाकरभाऊ तिच्या मागे. खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईंनी कागद वाचले. फार वेळ वाचले. मग वर बघून विचारलं, "ये अर्जी किसने भरी थी? पहले वाली?"

"मैंने, मॅडम."

"और ये अनुवाद?"

"वो भी मैंने."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "आप बाहर बैठिए. आप भी, पिताजी. इनसे मैं अकेले बात करूँगी."

चौतीस वर्षांत मला कोणी बाहेर बसवलं नव्हतं. माझ्या अर्जदारांच्या वतीनं मीच बोलतो, ती माझी पद्धत. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मी आणि प्रभाकरभाऊ शेजारी-शेजारी बसलो. पंखा फिरत होता, त्याचा वारा आमच्यापर्यंत येत नव्हता. मनात एकच चाललं होतं. आत पोरगी गोंधळली तर? पोलीस चौकशी पुन्हा लागली तर? दोन नावं, दोन पासपोर्ट, यातून कोणी वाकडा अर्थ काढला तर? आठवडे मोजत होतो. अठ्ठाविसावा चालू होता.

प्रभाकरभाऊ अचानक म्हणाले, "मास्तर, तुमाले तो कागद तसाच्या तसा कराची काय गरज व्हती? मी वाचला तो. मले वाईट दिसलं त्यात."

"मला पण वाईट दिसलं, भाऊ."

"मंग?"

"मंग काय. ती तिथेच बसली होती."

प्रभाकरभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

पाऊण तासानं दीपाली बाहेर आली. आम्ही दोघं एकदम उठलो.

"काय विचारलं?" मी म्हणालो.

"माझं नाव विचारलं."

"मग?"

"सांगितलं." आणि ती खाली बसली, कारण तिचे पाय सुजले होते.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही, सगळे सारखेच होते. पोस्टमन दिसला की मी दारात. पोलीस चौकशीला हवालदार गावात आला, त्यानं चहा घेतला आणि "फिर से?" असं विचारून सही करून गेला. दीपाली पाटील नावाचा पासपोर्ट आला तेव्हा तिसावा आठवडा संपत होता. व्हिसा एकतिसाव्यात लागला. डॉक्टरीणबाईंनी पत्र दिलं, पण देताना पेन हातात धरून म्हणाल्या, "आठवड्याभरात निघा, नाहीतर हे फाडून टाका." मधल्या वेळात माझ्यावरही पासपोर्ट कार्यालयाचा कागद आला. यापुढे माझ्या हातून विवाहितेच्या नावबदलाचा अर्ज आला तर अर्जदाराची मुलाखत एकटीची होईल. मी तो दुकानात भिंतीला लावला नाही, पण फाइलीत ठेवला आहे. नेहमीची दोन-तीन गिऱ्हाइकं तेव्हापासून दुसरीकडे जातात. त्यांना बाईला एकटीला आत पाठवायचं नसतं.

दीपालीचा भाऊ तिला मुंबईपर्यंत सोडायला गेला. ती निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच प्रभाकरभाऊ दुकानात येऊन बसले. "तिकडून कोनी इंग्रजीत फोन केला तर मी काय बोलू? मी इथंच बसतो." विमानात बसल्याचा निरोप भावाकडून आला होता. पुढे काही नाही. विमान तिथे पोचायची वेळ होऊन गेली. तिथल्या अधिकाऱ्यानं अडवलं असेल का? पोट बघून परत पाठवलं असेल का? मी आलेल्या माणसाला "उद्या ये" म्हणून वाटेला लावलं. नोटरीबाबूंनी न विचारता चहा मागवला. तो गार झाला.

संध्याकाळी सहाला प्रभाकरभाऊंचा फोन वाजला. त्यांच्या हातून तो दोनदा निसटला. मी स्पीकर चालू केला.

"आबा, पोचले. घरी आले."

"तब्येत?"

"चांगली आहे. आत्ता दवाखान्यात पण नाव नोंदवून आलो."

"कोनतं नाव?"

"माझं, आबा. दीपाली पाटील. इथल्या नर्सनं मादाम पाटील म्हणून हाक मारली, तर मला कळलंच नाही मलाच म्हणतेय."

प्रभाकरभाऊंनी फोन तोंडाजवळ धरला. मग त्यांनी तेच विचारलं जे त्यांच्या पोटात इतके महिने होतं. "म्हंजे बाई, अजून तू त्या घरची नाहीच का?"

"आबा, खाली सगळ्यांच्या पत्रांच्या पेट्या आहेत. आमच्या पेटीवर लुकनं चिठ्ठी लावलीय. मी यायच्या आधीच लावली होती. पाटील, आणि मग तेसिए. दोन्ही."

"दोनी?"

"दोन्ही. मी आता जरा झोपते, आबा. पाय फार दुखतात." फोन ठेवला गेला.

प्रभाकरभाऊंनी फोन बाजूला ठेवला. मग माझ्या टेबलावरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

"मास्तर, लिहून द्या बरं. ती म्हने तसं. घरी दाखवतो."

मी पेन उघडलं. लिहिलं, 'तेसिए, पाटील'.

त्यांनी कागद उचलला, डोळ्यांजवळ धरला, आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"तिनं काय सांगितलं? आधी कोनतं?"

मी खोडलं आणि खाली परत लिहिलं. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं, कागदाची घडी केली आणि खिशात घातली.